कागदाचा राजाही हात करतो: महागडी कार्डे, स्वस्त डेक आणि एका गैरसमजाचे खंडन

१/ ट्रेडिंग कार्ड गेमविषयी तरुण खेळाडूंमध्ये एक समज इतका रुजला आहे की त्याची उलटतपासणी करावी असे कोणाला वाटतही नाही. हा पैसेवाल्यांचा खेळ, स्पर्धेत उतरायचे तर खिसा जड हवा, स्वस्त डेक म्हणजे नवशिक्यांचा तात्पुरता आसरा, असा तो समज. इतिहासाच्या कसोटीवर तो टिकत नाही. महागडेपणा हा या खेळाचा स्वभाव नव्हे. ठरावीक वर्षांत घेतल्या गेलेल्या ठरावीक निर्णयांचा तो परिणाम आहे, आणि त्यांना खेळाडूंनी दिलेले उत्तरही तितकेच ऐतिहासिक आहे.

२/ आरंभ जुन्या पत्त्यांपासून करावा लागतो. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. पुढे भारतात पसरलेल्या या गोल पत्त्यांचे दोन वर्ग पडले. ‘दरबार कलम’ म्हणजे हस्तिदंताचे किंवा कासवाच्या पाठीचे, उंची रंगकामाचे संच. ‘बाजार कलम’ म्हणजे खळ देऊन कडक केलेल्या कापडाचे किंवा कागदाचे, सामान्य माणसाला परवडणारे संच.

३/ सावंतवाडीचे चितारी रंगवत आले ती दशावतारी गंजिफा १२० पानांची असते. दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अंकांची पाने. आता मुद्दा असा, की संच हस्तिदंताचा असो वा कागदाचा, राजा प्रधानाला मारतोच. हस्तिदंती राजा कागदी राजापेक्षा एकही हात जास्त करत नाही. श्रीमंती पत्त्याच्या पृष्ठभागावर होती. खेळाच्या नियमांत तिला प्रवेश नव्हता.

४/ हे तत्त्व १९९३ मध्ये मोडले. अमेरिकेतील विझर्ड्स ऑफ द कोस्ट या छोट्या कंपनीने गणितज्ञ रिचर्ड गारफिल्ड यांचा ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बाजारात आणला. येथे सर्वांचा संच एकसारखा नव्हता. बंद पाकिटातून कोणती कार्डे निघतील हे नशिबावर अवलंबून होते, आणि दुर्मिळ कार्डांपैकी काहींची खेळातील ताकद इतरांहून कितीतरी अधिक होती. दुर्मिळता प्रथमच खेळाच्या नियमांत शिरली.

५/ यामागे कपट होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मूळ गृहीतक असे होते की प्रत्येक जण एखादा संच आणि मोजकी पाकिटे घेईल, मित्रमंडळीत देवाणघेवाण करील, आणि एका गावात एखादे प्रबळ कार्ड एखाद्याकडेच असेल. म्हणूनच आरंभीच्या नियमांत एका कार्डाच्या किती प्रती डेकमध्ये असाव्यात यावर मर्यादाही नव्हती. दुर्मिळता हाच समतोल, अशी ती कल्पना. लोक पेट्याच्या पेट्या विकत घेतील हे त्या आराखड्यात धरलेलेच नव्हते.

६/ ‘अल्फा’ या पहिल्या आवृत्तीत सुमारे २६ लाख कार्डे छापली गेली. प्रत्येक दुर्मिळ कार्डाच्या जेमतेम ११०० प्रती. विशेष म्हणजे कोणते कार्ड दुर्मिळ, कोणते सर्वसाधारण, हे कार्डावर छापलेलेच नसे. दुर्मिळतेनुसार रंग बदलणारे चिन्ह १९९८ च्या ‘एक्सोडस’ संचापासून आले. म्हणजे पहिली पाच वर्षे कार्ड स्वतःची प्रतिष्ठा कपाळावर मिरवत नव्हते. ती प्रतिष्ठा बाजाराने दिली आणि छपाईने नंतर मान्य केली.

७/ गृहीतक कोसळल्यावर दुरुस्त्या आल्या. स्पर्धांसाठी डेक किमान ६० कार्डांचा आणि एका कार्डाच्या जास्तीत जास्त चार प्रती, असा दंडक घातला गेला. जानेवारी १९९५ मध्ये ‘टाइप टू’ हा स्पर्धाप्रकार सुरू झाला आणि त्यात फक्त अलीकडच्या संचांतील कार्डांना परवानगी मिळाली. जुनी कार्डे मिळेनाशी झाल्यामुळे नव्या खेळाडूला दार बंद होत होते. ते उघडण्याचा हा प्रयत्न होता. म्हणजे परवडण्याचा प्रश्न खेळाच्या दुसऱ्या वर्षीच दारात उभा होता. तो आजच्या तरुणांची कुरकुर नव्हे.

८/ त्याच वर्षी ‘क्रॉनिकल्स’ हा पुनर्मुद्रणांचा संच निघाला. ज्यांनी जुनी कार्डे चढ्या भावाने साठवली होती त्यांचे भाव पडले आणि संग्राहक संतापले. १९९६ मध्ये कंपनीने ‘रिझर्व्ड लिस्ट’ जाहीर केली. या यादीतील कार्डे पुन्हा कधीही छापली जाणार नाहीत, असे ते वचन. २०१० मध्ये त्यातील उरलीसुरली पळवाटही बंद करण्यात आली. खेळाच्या साहित्याचे मालमत्तेत रूपांतर होण्याचा हा निर्णायक क्षण होय.

९/ संग्राहकांच्या बाजूने जे म्हटले जाते ते ऐकून घ्यायला हवे. दुकानदारांचे भांडवल त्या कार्डांत अडकले होते. भाव कोसळले असते तर खेळाच्या वितरणाचा कणाच मोडला असता. विश्वास टिकवणे आवश्यक होते. १९९५ ची भीती खोटी नव्हती. परंतु तात्पुरत्या दुखण्यावर कायमचा उपाय योजला गेला, आणि त्याचे बिल अशा पिढ्यांच्या नावे फाडले गेले ज्या तेव्हा जन्मालाही आल्या नव्हत्या. त्यांना कोणी विचारले नव्हते.

१०/ परिणाम पाहायचा तर मूळ दहा ‘ड्युअल लँड’ कार्डे पाहावीत. ही चित्तथरारक कार्डे नव्हेत. दोन रंगांची ऊर्जा देणारी जमीन, एवढेच त्यांचे काम. त्यांची शेवटची सर्वसामान्य छपाई १९९४ च्या ‘रिव्हाइज्ड’ आवृत्तीत झाली. आज त्यांतील एकेका कार्डाला शेकडो डॉलर पडतात, आणि ‘लेगसी’ या स्पर्धाप्रकारातील अनेक डेक त्यांच्यावाचून उभेच राहत नाहीत. डावपेच शिकण्याआधी जमीन खरेदी करावी लागते. ही कौशल्याची परीक्षा नव्हे, हा जकात नाका आहे.

११/ २०११ मध्ये कंपनीने ‘मॉडर्न’ हा प्रकार सुरू केला. त्यात रिझर्व्ड लिस्टवरील एकही कार्ड चालत नाही, म्हणून गरज पडेल ते पुन्हा छापता येते. शब्दांत कबुली दिली नाही तरी कृतीत दिली गेली. न छापण्याच्या वचनावर दीर्घायुषी, खुला खेळ उभा राहू शकत नाही, हीच ती कबुली. ज्यांना रिझर्व्ड लिस्ट म्हणजे खेळाचा आधारस्तंभ वाटते, त्यांनी या स्तंभाला वळसा घालून नवी इमारत का बांधावी लागली याचे उत्तर द्यावे.

१२/ आणि २०२२ चा नोव्हेंबर विसरून चालणार नाही. खेळाच्या तिसाव्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने जुन्या कार्डांच्या प्रतिकृतींची चार पाकिटे ९९९ डॉलरला विकायला काढण्यात आली. प्रत्येक पाकिटात १५ कार्डे, एकूण ६०. ती अधिकृत स्पर्धेत वापरण्यास मनाई होती. खेळता न येणारा पत्ता हजार डॉलरला! दरबार कलमाचा हस्तिदंती संच निदान खेळता तरी येत असे.

१३/ आता दुसऱ्या गैरसमजाकडे: ‘स्वस्त ते दुबळे’. मॅजिकमधील सर्वांत खालची श्रेणी म्हणजे ‘कॉमन’. २०१४ चे ‘ट्रेझर क्रूझ’ हे कार्ड कॉमन होते. २०१५ च्या आरंभी मॉडर्न आणि लेगसी या दोन्ही प्रकारांत त्यावर बंदी आली, आणि ‘व्हिंटेज’ या सर्वांत महागड्या प्रकारात डेकमध्ये त्याची एकच प्रत ठेवण्याची मुभा उरली. ‘ब्रेनस्टॉर्म’ हेही मूळचे कॉमनच. व्हिंटेजमध्ये त्यालाही २००८ मध्ये एका प्रतीचेच बंधन पडले. दुबळ्यांना कोणी बेड्या घालत नाही.

१४/ उलट महाग ते प्रबळ, हेही खरे नाही. १९९९ मध्ये इंग्रजीत आलेल्या पोकेमॉनच्या पहिल्या संचातील चरिझार्ड हे संग्राहकांचे दैवत. परंतु स्पर्धेच्या पटावर ते संथ आणि खर्चिक होते. दोन टप्पे उत्क्रांत व्हायचे, चार ऊर्जा जोडायच्या, आणि प्रत्येक हल्ल्यानंतर दोन टाकून द्यायच्या. त्या काळी डाव जिंकून देणाऱ्या डेकमध्ये ‘बिल’, ‘एनर्जी रिमूव्हल’, ‘गस्ट ऑफ विंड’ ही कार्डे हमखास असत. तिन्ही कॉमन. भाव आणि ताकद यांचा संबंध जुळवणारा बाजार असतो, पट नव्हे.

१५/ या सगळ्याला खेळाडूंनी दिलेले सर्वांत सडेतोड उत्तर म्हणजे ‘पॉपर’. या इंग्रजी शब्दाचा अर्थच कंगाल. नियम एका वाक्याचा आहे: डेकमध्ये फक्त अशी कार्डे, जी कधी ना कधी कॉमन म्हणून प्रसिद्ध झाली आहेत. २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘मॅजिक ऑनलाइन’वर खेळाडूंनी अशा स्पर्धा स्वतःच भरवायला आरंभ केला. कंपनीने तेथे या प्रकाराला अधिकृत मान्यता दिली ती २००८ च्या अखेरीस. आधी लोक खेळले. मोहर मागाहून उमटली.

१६/ प्रत्यक्ष टेबलावरची मान्यता मिळायला आणखी दशक लागले. तोवर एक गमतीदार पेच होता. काही कार्डे कागदावर कॉमन होती, पण ऑनलाइन आवृत्तीत वरच्या श्रेणीत गेली होती. त्यामुळे कोणती यादी खरी, यावर गावोगावी वेगळे उत्तर मिळे. २०१९ मध्ये दोन्ही याद्या एक करण्यात आल्या. ‘हिम टू टूराक’, ‘सिंकहोल’ आणि ‘हाय टाइड’ यांवर त्याच वेळी बंदी घातली गेली. रूढीचे संहितेत रूपांतर कसे होते, याचा हा छोटा पण नमुनेदार धडा.

१७/ जानेवारी २०२२ मध्ये या प्रकाराच्या देखरेखीसाठी ‘पॉपर फॉरमॅट पॅनेल’ नेमण्यात आले आणि त्यात कंपनीच्या प्रतिनिधीबरोबर समाजातील जाणकार खेळाडूंनाही स्थान मिळाले. इटली आणि ब्राझील येथे या खेळाची परंपरा विशेष बळकट आहे. इटलीतील ‘पॉपरगेडन’ या स्पर्धेला शेकडो खेळाडू जमतात. नवशिक्यांची पायरी म्हणून हिणवल्या जाणाऱ्या प्रकारासाठी माणसे देश ओलांडून जात नसतात.

१८/ पॉपरचे तत्त्व समजण्यासाठी पाकिटाचे गणित पुरेसे आहे. दीर्घकाळ प्रचलित असलेल्या १५ कार्डांच्या बूस्टर पाकिटात एक दुर्मिळ, तीन मधल्या श्रेणीची आणि अकरा कॉमन कार्डे असत. खरेदीदार दुर्मिळ कार्ड उचलतो आणि अकरा खोक्यात टाकतो. म्हणजे पॉपरचा खेळाडू इतरांनी टाकलेल्या जवळजवळ तीन चतुर्थांश खेळातून आपला खेळ उभा करतो. बाजार कलमाच्या चिताऱ्याने कापडाच्या चिंध्यांतून राजा घडवला, तसाच हा प्रकार.

१९/ येथे प्रामाणिक कबुली आवश्यक आहे. कॉमन असणे म्हणजे कायम स्वस्त असणे नव्हे. १९९३ च्या ‘अरेबियन नाइट्स’मधील ‘ओबलिएट’ हे कार्ड कॉमन, पण छपाईच तुटपुंजी. पॉपरमुळे मागणी वाढली आणि कंगालांच्या खेळात एक महाग कार्ड शिरले. २०२० मध्ये ते पुन्हा छापले गेले, तेव्हा भाव उतरला. धडा स्पष्ट आहे. श्रेणीची मर्यादा अर्धे औषध; उरलेले अर्धे म्हणजे पुनर्मुद्रण. रिझर्व्ड लिस्ट नेमके तेच नाकारते.

२०/ दुसरा मार्ग पोकेमॉनने दाखवला. १९९६ मध्ये जपानमध्ये जन्मलेल्या या खेळात एकाच कार्डाची साधी छपाई आणि झगमगीत छपाई अशा दोन्ही निघतात. मजकूर तोच, ताकद तीच. हौशी संग्राहकाने चकाकीसाठी वाटेल ते मोजावे. स्पर्धकाने साधी प्रत घ्यावी. स्पर्धेत उपयोगी पडणारी कार्डे असलेले तयार डेकही कंपनी विकते. हे काही पुण्यकर्म नव्हे, हा व्यापारच आहे. पण यात श्रीमंती पुन्हा पृष्ठभागावर गेली आणि नियमांतून बाहेर पडली.

२१/ संग्राहक नसतील तर खेळच बंद पडेल, हा आक्षेप म्हणूनच अर्धवट आहे. संग्राहक असावेत. २०२१ मध्ये अल्फाचे एक ‘ब्लॅक लोटस’ पाच लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले, त्यात कोणाचे काही बिघडले नाही. बिघडते ते संग्राहकाच्या तिजोरीचे रक्षण करण्यासाठी खेळाडूच्या पटाला कुलूप लावले जाते तेव्हा. हस्तिदंती संच राजवाड्यात शोभतो. त्यासाठी बाजारातील कागदी संचावर बंदी घालावी लागत नाही.

२२/ मग आज कमी खर्चात स्पर्धेत उतरायचे कसे? ऑनलाइन आरंभ सर्वांत सोपा. ‘पोकेमॉन टीसीजी लाइव्ह’ आणि ‘मॅजिक अरिना’ हे दोन्ही मोफत सुरू करता येतात आणि नव्या खेळाडूला तयार डेक देतात. पोकेमॉनच्या अनेक विनाशुल्क स्पर्धा ‘लिमिटलेस’ या मंचावर भरतात. मॅजिक ऑनलाइनवर स्पर्धेला शुल्क आहे, पण बहुसंख्य कॉमन कार्डे एका डॉलरच्या अगदी छोट्या अंशाला मिळतात. ‘कॉकाट्रिस’ हे मुक्त सॉफ्टवेअर तर सरावासाठी कोणतेच कार्ड विकत घ्यायला लावत नाही.

२३/ प्रत्यक्ष स्पर्धेत ‘स्विस’ पद्धत नवोदिताची मैत्रीण ठरते. १८९५ मध्ये झुरिचच्या बुद्धिबळ स्पर्धेत ती प्रथम वापरली गेली. हरणारा बाहेर पडत नाही. समान गुणांच्या प्रतिस्पर्ध्याशी पुढची फेरी खेळतो. एका प्रवेशशुल्कात सगळ्या फेऱ्या. नव्या संचाच्या ‘प्रीरिलीज’मध्ये सर्वांना तेवढीच बंद पाकिटे मिळतात आणि त्यांतूनच डेक बांधायचा असतो, घरचा खजिना तेथे कामाला येत नाही. पाकिटांमुळे हा सर्वांत स्वस्त मार्ग नव्हे, पण सर्वांत समान नक्कीच आहे.

२४/ खर्चाची शिस्त तीन गोष्टींत सामावते. पहिली, हवे ते कार्ड सुटे घ्यावे, पाकिटे फोडत बसू नये. पाकीट डॉलरच्या भावाने येते आणि नशीब सोबत देत नाही. दुसरी, आधी कागदाच्या चिठ्ठ्यांवर नावे लिहून घरी सराव करावा आणि डेक हाताला रुळला तरच पैसे घालावेत. अधिकृत स्पर्धेत मात्र खरीच कार्डे लागतात. तिसरी, एकच डेक वर्षभर खेळावा. सर्व कार्डांना एकसारखे स्लीव्ह, नीट लिहिलेली डेकची यादी आणि बंदीची ताजी यादी, एवढी तयारी पुरते.

२५/ इतिहासाच्या अभ्यासकांना एक गोष्ट ठाऊक असते. संग्रहालयाच्या काचेआड बहुधा हस्तिदंत उरते, कारण ते जपले जाते. कागद झिजतो, फाटतो, फेकला जातो. म्हणून उरलेल्या वस्तूंवरून खेळ श्रीमंतांचाच होता असा निष्कर्ष काढणे ही अभ्यासाची चूक आहे. कागद झिजला, कारण तो खेळला गेला. आजच्या कार्डांचेही तेच. लिलावात गाजते ते सीलबंद, हात न लागलेले कार्ड. खेळाचा इतिहास मात्र कोपरे मऊ पडलेल्या कॉमन कार्डांत लिहिला जातो.

२६/ तेव्हा ‘आपल्याला हा खेळ परवडणार नाही’ असे म्हणून पटापासून मागे फिरणाऱ्या पुण्या-नागपूरच्या मुलाला एवढेच सांगणे योग्य ठरेल. जे परवडत नाही त्याला बाजार म्हणतात. खेळ वेगळा आहे, आणि तो कागदाच्या राजाला आजही हात करू देतो.